‘ब्रेक ओके’ लिहिलेला कागद

माझा डावा पाय ज्या ट्रकखाली आला, त्या ट्रकच्या ब्रेकचं काम माझ्या सख्ख्या भावानं केलं होतं. हे मला चार महिन्यांनी कळलं. तोवर तोच भाऊ माझी सेवा करत होता, आणि मी सगळ्या वॉर्डाला त्याचं कौतुक सांगत होते.

आधीच सांगून टाकलं, कारण मला गोष्ट दाबून धरता येत नाही. नवरा म्हणतो, "तुले दमच नाई." खरं आहे. एका जागी बसणं मला कधी जमलं नाही, आणि मला जवळजवळ वर्षभर एका जागी पडावं लागलं. ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. हाडाचं डॉक्टर सांगतील. बाकीचं कोणी सांगत नाही, ते आपल्यालाच अंगावर काढावं लागतं. माझी शाळा हिंदीतली, मराठी फक्त घरातली. चुका दिसल्या तर पोटात घाला.

सिग्नलवर

मी वंदना. दुर्गजवळच्या आमच्या प्लांटच्या वस्तीत, सेक्टर ६ मधल्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. नवरा रमेश स्टील प्लांटमध्ये, शिफ्ट ड्युटी. मुलगी प्राची रायपूरला शिकते. आणि धाकटा भाऊ सुनील, त्याचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज आहे. आई-बाबा गेल्यापासून त्याला रागवायला जगात मी एकटीच उरले आहे, आणि ते काम मी चोख करते.

त्या दुपारी शाळा सुटल्यावर मी स्कूटीवर घरी निघाले होते. सिग्नल लाल होता. मी डिव्हायडरला लागून उभी, बाजूला शाळेच्या पोरांनी खच्चून भरलेला ऑटो. मागून हॉर्न वाजायला लागला, तो थांबेचना. मी चिडून मागं वळले, म्हटलं काय घाई आहे बाप्पा एवढी!

गिट्टी, म्हणजे खडी, भरलेला ट्रक होता. फार जोरात नव्हता. लोकांना हे पटत नाही, पोलिसांनाही पटलं नाही. पण मी पाहिलं आहे. सायकलवाला येईल तेवढ्याच वेगानं तो येत होता, फक्त थांबत नव्हता. ड्रायव्हर अर्धा खिडकीबाहेर येऊन ओरडत होता, "हटो! हटो दीदी! ब्रेक नइ लगत हे!" सरळ आला असता तर ऑटोवर आला असता. त्यानं स्टेअरिंग डिव्हायडरकडे फिरवलं. डिव्हायडरला मी होते.

ड्रायव्हर पळाला नाही. लोक मारायला धावले तरी तो आधी माझ्याजवळ आला, स्वतःचा गमछा काढून माझ्या मांडीला करकचून बांधला, आणि मग मार खाल्ला. त्या गमछ्यानं जीव वाचला असं डॉक्टर नंतर म्हणाले. त्याचं नाव बिसाहू, गाव बालोदकडे.

बहात्तर तास

डॉक्टर तरुण होते, भले होते. त्यांनी रमेशला बाहेर बोलावलं तेव्हा मी ओरडले, "पाय माहा हाय, सांगणं मले सांगा!" ते परत आत आले. गुडघ्याखालचं हाड तीन ठिकाणी तुटलं होतं, वरची चामडी गेली होती. ते म्हणाले, "पाय ठेवायचा प्रयत्न करतो आहोत. बहात्तर तासांत कळेल."

बहात्तर तास! मी चादरीखालच्या त्या बोटांकडे बघत राहिले. डॉक्टर टाचणी टोचून विचारायचे, कळतं का? मला कळत नव्हतं, आणि मी "कळतं" म्हणत होते. तुम्ही असं करू नका. भीतीपोटी मी डॉक्टरांशी खोटं बोलले, आणि तिसऱ्या दिवशी अंगठ्याला खरंच टोचलं तेव्हा मी एवढ्यांदा किंचाळले की नर्स पळत आली. मी हसत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम.

पाय राहिला. त्याला बाहेरून लोखंडी कड्या आणि सळया लावल्या, हाडापर्यंत गेलेल्या. रमेश म्हणाला, "स्टील प्लांटवाल्याच्या बायकोले स्टील कमी पडून राहिलं होतं काय?" मला एवढा राग आला की मी त्याला उशी फेकून मारली. अपघातानंतर आमचं पहिलं धड बोलणं ते.

वॉर्डात

वॉर्डात सगळ्यात वाईट काय असतं ते सांगते. दुखणं तर असतंच, पण त्याहून वाईट म्हणजे वाट पाहणं. भांडं आणायला सांगितलं की ते येईपर्यंत वाट पाहायची, आणि परक्या बाईसमोर त्यावर बसायचं. तशात पाळी आली. पन्नाशीला टेकलेली बाई मी, लाजेनं तोंड भिंतीकडे करून पडले. वॉर्डातली दाई, म्हणजे आया, फुलेश्वरी नावाची, तिनं एक शब्द न बोलता सगळं आवरलं आणि मग बादली आणून माझे केस धुतले. अकरा दिवसांनी. "का सोचत हस दीदी, सब बने हो जाही," ती म्हणाली. सगळं ठीक होणार. मला डॉक्टरांपेक्षा तिचं जास्त खरं वाटलं.

भेटायला येणारे निराळेच. प्रत्येकाजवळ पाय कापलेल्या एका नातेवाइकाची गोष्ट तयार असते. बसायचं, मोसंबी सोलायची, ती आपणच खायची, आणि वर "नशीब समजा, जीव वाचला." अहो, जीव वाचला ते मलाही दिसतं! कोणाला भेटायला गेलात तर कृपा करून एखादी चांगली भांडणाची बातमी घेऊन जा.

सुनील मात्र रोज यायचा. गॅरेज बंद ठेवून यायचा. सळया जिथं कातडीत शिरतात तिथं रोज कापसानं साफ करावं लागतं, नाहीतर पू धरतो. नर्सकडून ते तो शिकला. मोठे, ग्रीसनं काळे झालेले हात, पण असे हलके चालायचे की मला कळायचंही नाही. माझ्या डोळ्यांकडे तो बघत नव्हता. मला वाटलं, बहिणीचे हाल त्याला पाहवत नाहीत.

एका दुपारी दारात एक माणूस बायकोला घेऊन उभा दिसला. हातात पिशवीत पपया. बिसाहू. जामिनावर सुटला होता, लायसन्स जप्त, चेहऱ्यावर माराच्या खुणा. मी "या" म्हणणार तेवढ्यात सुनील उठला आणि धावूनच गेला. "निकल यहाँ से! शरम नहीं आती?" सगळा वॉर्ड बघायला लागला. बिसाहू हलला नाही. त्याच्याकडे बघून हळूच म्हणाला, "तैं तो सब जानत हस भइया." तुला तर सगळं माहीत आहे, असं. मग पिशवी खाली ठेवून बायकोला घेऊन गेला.

"काय जानत हस म्हणे तो?" मी विचारलं.

"पागल हाय तो," सुनील म्हणाला, आणि पाणी आणायला गेला. पाण्याचा जग भरलेलाच होता.

कागद

घरी आल्यावर दुर्गच्या कोर्टात भरपाईचा दावा लावला. आमच्या वकील बाई सांगत होत्या की ड्रायव्हर, ट्रकचा मालक आणि विमा कंपनी, तिघांनाही उत्तर द्यावं लागतं. ‘ब्रेक फेल झाला’ एवढं म्हणून मालक सुटत नाही, गाडी नीट ठेवली होती हे त्याला दाखवावं लागतं. हे मला माहीत नव्हतं. इकडे तर कुठलाही अपघात झाला की लोक ‘ब्रेक फेल’ म्हणतात, आणि ते देवाच्या करणीसारखं ऐकून घेतात.

मालकाचा जबाब आला. त्याच्यामागं झेरॉक्स कागद टाचलेले. मी क्लार्क माणूस, पलंगावर दुसरा उद्योग नाही, एकेक कागद वाचत बसले. शेवटची एक साधी चिठ्ठी होती, गॅरेजचं नाव नाही, शिक्का नाही. ट्रकचा नंबर, अपघाताच्या तीन आठवडे आधीची तारीख, आणि खाली ‘ब्रेक ओके’. अक्षरं मागं झुकलेली, डावखुऱ्या माणसाची.

सुनीलच्या वह्या लहानपणी मीच तपासल्या आहेत. ते अक्षर मी झोपेतही ओळखीन.

तो दुपारी आला, नेहमीसारखे हात धुतले, कापूस घेतला, खाली बसला. मी चिठ्ठी त्याच्यापुढं धरली.

"हे कोणाचं अक्षर हाय रे?"

त्यानं पाहिलं. एक सळई पूर्ण साफ केली. मग कापूस खाली ठेवला.

"पुढच्या चाकाजवळचा ब्रेकचा डबा फाटला होता, ताई. हवा निकलून राहिली होती. पार्ट नव्हता आला. मालक फोनवर फोन, गाडी आजच पायजे. म्या हवेचा पाईप दुमडला न् तारेनं बांधून टाकला. पुढचा ब्रेक बंद, बाकीच्यावर चालते गाडी. सगळेच करतात. सगळ्या गॅरेजात हेच चालते. म्या म्हटलं होतं, दोन खेपा मार न् परत आण."

"आणली?"

"नाई."

"न् बिसाहूले माहीत होतं?"

"त्याच्यासमोरच बांधला. तो म्हणत होता, भइया, माल भरून उतारावर धरणार नाई. मालकानं त्याले गप केलं."

"न् हे ओके कावून लिहिलं?"

"मालक म्हणे कागद लागते, लिहून दे. म्या लिहून देलं. रोजच लिहितो. ताई, म्या त्या दिवशी ठाण्यात गाडी पाहिली... तार तशीच होती वं. बाकीचे ब्रेक घासून गेले होते न् माही तार तशीच होती."

मला काय झालं ते आता नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी हातातला स्टीलचा डबा फेकला आणि तो भिंतीवर आपटला. "उठ! माह्या पायाले हात लावू नको! भाड्या, त्या माणसाले वॉर्डातून हाकललं तू! सगळ्यांसमोर!" पायाचा राग नंतर आला. आधी पपयांचा आला.

तो गेला. मी सात दिवस त्याला दारात उभं केलं नाही. रमेश शिफ्ट सांभाळून कापूस फिरवायचा, पण त्याचा हात जड, आणि त्याला रक्त पाहून चक्कर येते. आठव्या दिवशी ताप भरला. एका सळईजवळ पू धरला होता. पुन्हा दवाखाना, पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा तेच डॉक्टर आणि त्यांचा तोच चेहरा. रागापायी मी माझा पाय पुन्हा धोक्यात घातला, हे कबूल करते. शेवटी मीच रमेशला म्हटलं, "बोलवा त्याले." तो आला, हात धुतले, खाली बसला. आम्ही दोघं महिनाभर एक शब्द बोललो नाही. तो साफ करायचा, मी छताकडे बघायचे.

घरचं घरात

वकील बाईंना मी काही सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "आपको बस इतना कहना है, ट्रक तेज था, ड्राइवर लापरवाह था. सीधा केस है." मी म्हटलं, पण ट्रक तेज नव्हता. त्या म्हणाल्या, "वंदना जी, आप घायल हैं, आपने स्पीड थोड़ी नापी थी?" त्यांचं बरोबर होतं. भरपाई कुठल्याही वाटेनं मिळणारच होती. फक्त या वाटेनं गेलं तर सगळं बिसाहूच्या डोक्यावर बसत होतं. त्याच्यावर वेगळी पोलीस केस होतीच. मी ‘तेज था’ म्हटलं की तीही पक्की. ज्यानं पोरांचा ऑटो वाचवला तो जेलात, आणि ज्यांनी पाईप बांधला आणि बांधायला लावला ते घरी.

रमेशला सांगितलं. त्यानं ड्युटीचे बूट काढून ठेवले. मग म्हणाला, "घरचं घरात ठेव. सुनील अंदर गेला तर त्याच्या पोरीइले कोण पाहीन? तू पाहशील, ह्या पायानं?"

"न् बिसाहूच्या पोरांचं काय?"

"त्याचे आपण कोण लागतो?"

मी भांडले. वरणात मीठ जास्त आहे यावरून भांडले. प्राची सुट्टीला आली होती, तिनं दोघांचं ऐकून घेतलं. म्हणाली, "मम्मी, तुम बोलोगी तो मामा फँसेंगे. नहीं बोलोगी तो तूच आम्हाला रोज खाशील. पापा सोच लें." पोरगी हुशार आहे, बापावर गेलेली नाही.

सुनीलनं मात्र मला ‘गप राहा’ असं एकदाही म्हटलं नाही. तसं म्हणाला असता तर सोपं झालं असतं, मी त्याच्यावर चिडून सगळं सांगून मोकळी झाले असते. तो फक्त साफ करत राहायचा. एकदा सळया काढायच्या आदल्या दिवशी म्हणाला, "तू जे म्हणशील ते, ताई." मला तेव्हा त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. मी दोन्हीतलं काही केलं नाही.

दुर्ग

साक्षीच्या दिवशी मी वॉकर घेऊन गेले. सुनीलनंच ऑटोतून नेलं. पायऱ्या चढायला मला दहा मिनिटं लागली. त्याला मी बाहेरच्या बाकड्यावर बसवलं. काय बोलायचं ते मला ऑटोत माहीत नव्हतं, पायऱ्यांवरही माहीत नव्हतं. पाय आत खोलवर ठणकत होता.

बिसाहू आत भिंतीला टेकून उभा होता. माझ्या पायाकडे बघून त्यानं हात जोडले.

आमच्या बाईंनी विचारलं, ट्रक कसा येत होता. मी म्हटलं, हळू येत होता, थांबत नव्हता. बाईंचा पेन थबकला. मग मालकाचे वकील उठले, वयस्क, शांत गृहस्थ. दोन-तीन साधे प्रश्न विचारले. मग पान उलटता उलटता, माझ्याकडे न बघताच, म्हणाले, "आपको ट्रक के रखरखाव की कोई जानकारी नहीं है."

ट्रकच्या देखभालीबद्दलचे असे प्रश्न ‘नहीं’ म्हणण्यासाठीच असतात. ते पुढच्या पानावर पोचलेही होते.

"हाय," मी म्हटलं. मग हिंदीत म्हटलं, "है. जानकारी है."

मी सगळं सांगितलं. डबा फाटला होता, पाईप दुमडून तार बांधली, ड्रायव्हर नाही म्हणत होता, मालकानं गाडी काढायला लावली, ‘ब्रेक ओके’ची चिठ्ठी खोटी आहे. वकील म्हणाले, ही ऐकीव गोष्ट आहे. जज साहेबांनी विचारलं, "आपको किसने बताया?"

"जिसने तार बाँधा था. मेरे भाई ने."

"वे यहाँ आकर कहेंगे?"

मी सुनीलला विचारलेलं नव्हतं. दार बंद होतं, तो पलीकडे बाकड्यावर बसला होता.

"कहेगा, साहब," मी म्हटलं.

बाहेर आले तेव्हा तो उठून उभा राहिला. माझं तोंड पाहूनच समजला.

"माहं नाव घेतलं?"

"घेतलं. न् तू साक्ष देशील म्हणून सांगून आली."

"मले न इचारता?"

"कागद लिहिताना तू कोणाले इचारलं होतं?"

तो पुन्हा खाली बसला. लोक येत-जात होते, कोणीतरी नाव पुकारत होतं. मी वॉकरला धरून उभीच राहिले, मला त्याच्याशेजारी बसायचं नव्हतं. माझा राग गेलेला नाही. अजूनही गेलेला नाही, हे लिहितानाही नाही. मला वाटलं तो आता उठेल आणि ऑटोही न आणता निघून जाईल.

त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. चाळिशी ओलांडलेला माणूस, दोन पोरींचा बाप.

"मले लय भेव लागून राहिलं, ताई," तो म्हणाला. "तारखेले तू येशील न संगं?"

"येईन," मी म्हटलं. "तुले एकट्याले कागदाजवळ कोण सोडीन?"